तानपुरा कुठे आहे?

जेवणं आटोपतात, मुलं वरच्या खोलीत पसार होतात, चहाचं आधण चढतं आणि मग कोणीतरी ते वाक्य टाकतं, "काय डॉक्टर, ऐकवताय ना आज तुमची सिस्टिम?" मी औषधं देणारा डॉक्टर नव्हे. माझी पीएच.डी. सिग्नल प्रोसेसिंगमधली, आणि पोट भरतो ते दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून. पण मंडळात एकदा डॉक्टर म्हटलं की म्हटलं. या वाक्याची मी मठ्ठ्याच्या पहिल्या वाटीपासून वाट पाहत असतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या बेसमेंटमध्ये छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, सीडी प्लेयर, रेकॉर्ड प्लेयर आणि अलीकडे संगणकाची एक डबी आहे. जमिनीवर सोलापुरी सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांची कपाटं आहेत. ती सजावट नाही. आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून केलेली तजवीज आहे. हे सगळं जमवायला बारा वर्षं लागली. पैसे किती लागले ते लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरी माझ्या आधी बायको वाचते.

यंत्र जमलं तरी त्याच्यावर लावायचं काय, हा प्रश्न उरतोच. पाहुण्यांना ऐकवायच्या रेकॉर्डस् ही एक स्वतंत्र जात आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी गेल्या पन्नासेक वर्षांत तिची एक पोथीच तयार केली आहे, आणि कोणत्याही शहरातल्या हाय-फायच्या दुकानात गेलात तरी तिचेच अध्याय वाचून दाखवतात. मीही ते पाहुण्यांना वर्षानुवर्षं वाचून दाखवले. 2017च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले आणि बाबांनी एका प्रश्नात माझी पोथी बांधून ठेवली. त्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी पोथीबद्दल.

पहिला अध्याय ईगल्सचा. 1994च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' या अल्बममधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. सुरुवातीला नुसत्या गिटारी, समोर बसलेल्या श्रोत्यांचा गलका, आणि मग एक खोल ठोका येतो, तो कानापेक्षा पोटात ऐकू येतो. पाहुणे एकमेकांकडे बघतात. तुमचे पैसे तिथल्या तिथे वसूल! पण एका प्रदर्शनात मी हे गाणं एकाच दुपारी चार वेगवेगळ्या खोल्यांत ऐकलं, आणि चौथ्या खोलीत माझ्या लक्षात आलं, की मी गाणं ऐकत नाही, ठोक्याची वाट पाहतोय. ठोका झाला की दुकानदारही गाणं बंद करतो.

दुसरा अध्याय तोफांचा. चायकोव्हस्कीचं '1812' टेलार्क कंपनीनं 1978 साली एरिक कुन्झेल यांच्या दिग्दर्शनाखाली सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं आणि त्यात खऱ्या तोफांचे आवाज घातले. मूळ तबकडीवर या तोफांच्या खाचा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हलकी सुई तिथं चक्क उडी मारते, आणि कंपनीनं तसा इशाराही छापला होता. अभियांत्रिकी म्हणून बहाद्दरी आहे. पण पंधरा-सोळा मिनिटांच्या रचनेतली शेवटची दोन मिनिटं ऐकवायची आणि आधीची सगळी सरकवायची, याला संगीत ऐकणं म्हणत नाहीत. आमच्याकडे दिवाळीत लक्ष्मी तोटे वाजायचे, तेही फुकट.

'जाझ ॲट द पॉनशॉप'ची गोष्ट जरा वेगळी. डिसेंबर 1976मध्ये स्टॉकहोममधल्या 'स्टाम्पेन' नावाच्या एका लहान क्लबात गेर्ट पाल्मक्रांट्स या ध्वनिमुद्रकानं मोजके मायक्रोफोन लावून हे टिपलं. तिथं पूर्वी गहाणवटीचं दुकान होतं, म्हणून हे नाव. तुमच्या डाव्या हाताला कोणीतरी ग्लास ठेवतो, मागे कोणी कुजबुजतं, आणि मधून व्हायब्रोफोनचे लोलक निथळत राहतात. बैठकीत बसल्याचा इतका खरा भास फार थोड्या रेकॉर्डस् देतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर वाजवणारे सज्जन आहेत, थोर नाहीत. हौशी मंडळी त्या वादकांपेक्षा त्या ग्लासांबद्दल जास्त बोलतात, यातच सगळं आलं.

या पोथीतली मला मनापासून आवडणारी पानं दोनच. एक, कॅनडातल्या काउबॉय जंकीज या मंडळींची 'द ट्रिनिटी सेशन'. 27 नोव्हेंबर 1987ला टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये सगळे एका मायक्रोफोनभोवती बसले आणि गायले-वाजवले. एकच मायक्रोफोन! कोणाचा आवाज कमी करायचा तर बटण फिरवायचं नाही, त्या माणसानं खुर्ची मागे घ्यायची. मार्गो टिमिन्स जवळजवळ कुजबुजत गाते आणि तिच्या भोवती त्या रिकाम्या चर्चची हवा ऐकू येते. ज्याला बैठकीची सवय आहे, त्याला ही रेकॉर्ड परकी वाटत नाही.

दुसरं पान माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं. न्यूयॉर्कला 30व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा एक स्टुडिओ होता, तोही मूळचा चर्चच. तिथं 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 या दोन दिवसांत ही रेकॉर्ड झाली. तिच्यात एक चूक आहे. मार्चमधल्या बैठकीच्या वेळी मुख्य टेपयंत्र जरा हळू फिरत होतं. त्यामुळे ती टेप योग्य वेगानं वाजवली की स्वर किंचित चढा लागतो. पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे असे चढे. जगभर लाखो घरांत ही रेकॉर्ड आदर्श म्हणून वाजली, विद्यार्थ्यांनी तिच्याबरोबर रियाज केला, आणि स्वर पहिल्यांदा जागेवर आला तो 1992च्या आवृत्तीत. तेहतीस वर्षं! समोर तानपुरा लावून कोणी बसलं असतं तर पहिल्या मिनिटाला पकडलं असतं, असं मी एकदा आमच्या एका अमेरिकन मित्राला म्हणालो. तो म्हणाला, "तुमचा तानपुरा चढा नव्हता कशावरून?" मला उत्तर सुचलं नाही.

आता बाबांचा प्रश्न. बाबा मिरजेचे. नोकरी बँकेत झाली, पण गावात कोणाचंही गाणं असलं की तानपुऱ्यावर बाबा ठरलेले. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. पंढरपूरकडचे भोपळे तिथं येऊन वाळतात आणि त्यांचे तानपुरे होऊन देशभर जातात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी फोनवर ती बातमी अशी सांगितली, की जणू घरात बारसं आहे.

तर 2017च्या त्या संध्याकाळी मी बाबांना खुर्चीवर, दोन्ही स्पीकरांपासून अगदी सारख्या अंतरावर बसवलं आणि माझा हुकमी एक्का काढला. राय कूडर आणि विश्वमोहन भट यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका प्रार्थनागृहात वॉटर लिली कंपनीच्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी ही 1992 साली टिपली. दोन मायक्रोफोन, व्हॉल्व्हची यंत्रणा, नंतरची कसलीही रंगसफेदी नाही. दोघे वादक एकमेकांना त्याआधी तासभरसुद्धा ओळखत नव्हते. 1994चं ग्रॅमी हिला मिळालं. मोहनवीणेच्या तारेवर नखी पडते तो क्षण आणि तार सुटते तो क्षण, दोन्ही वेगळे ऐकू येतात, आणि तबल्याची शाई नि चाट यांच्यातलं अंतर बोटांनी दाखवता येतं. जवळजवळ चाळीस मिनिटांची ही रेकॉर्ड मी निदान शंभर लोकांना ऐकवली असेल.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकली. डोळे मिटून, मांडीवर बोटानं मात्रा मोजत. मग म्हणाले, "वाजवतात छान रे दोघंही. पण तानपुरा कुठे आहे?"

"बाबा, यात तानपुरा नाहीच. वीणा, गिटार, तबला आणि ते दुसरं डमरूसारखं आहे ना, ते. बस."

"असं? मग सूर कशावर टेकवायचा त्यांनी?"

यावर वाद घालता आला असता. मोहनवीणेला स्वतःच्या चिकारीच्या तारा आहेत, राय कूडरनं रागाची प्रतिज्ञा केलेली नाही, वगैरे. मी घातला नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना, कारण हे यंत्र बाबांसाठी नाही तरी बाबांनी ऐकावं म्हणून मी जमवलं होतं. मग पुढचे तीन-चार महिने मी घरातली आपल्या संगीताची प्रत्येक सीडी, प्रत्येक तबकडी एकच प्रश्न मनात ठेवून पुन्हा ऐकली. तानपुरा कुठे आहे?

हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा हट्ट नाही, उत्तम प्रतीची तांत्रिक कसोटी आहे, असं माझं मत झालं. कारण सांगतो. तानपुऱ्याची घोडी सपाट नसते, तिला किंचित उतार असतो. तार छेडली की ती घोडीच्या कडेवरून सरळ मोकळी होत नाही, त्या उतारावर लोळण घेत राहते. तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून ही लोळण नेमकी जुळवायची, म्हणजे जवारी लावायची. याचा परिणाम असा, की तारेतली शक्ती सतत वरच्या वरच्या उपस्वरांत वाहत जाते. एरवीचा नियम सांगतो, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथं ज्या उपस्वराची हालचाल शून्य असते, तो उपस्वर वाजणार नाही. तानपुऱ्यात आणि वीणेत तो खुशाल वाजतो. ही गोष्ट 1921 साली सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिली होती. त्यांना नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या संशोधनासाठी, पण माझ्या लेखी हा निबंधही कमी नाही.

काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तानपुरा घ्या. खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 कंपनं करते, जोडीच्या तारा 139. तिथून उपस्वरांची शिडी कित्येक हजार कंपनांपर्यंत चढते, आणि प्रत्येक छेडीबरोबर ती शिडी हलते. म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळी यंत्रणा एकाच वेळी तपासली जाते, तीही मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू आवाजात. स्पीकर वाईट असेल तर तानपुरा डासासारखा भुणभुणतो. खोली वाईट असेल तर खर्ज घुमतो आणि बाकीच्या तारा बुडतात. तोफ काय, कुठल्याही यंत्रावर दणका देते.

एम.पी. थ्री तयार होत असताना जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीसाठी सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' वापरलं होतं. 1987च्या अल्बममधलं, वाद्याशिवाय एका बाईचा एकटा आवाज. तो आवाज बिघडू नये म्हणून त्यांनी खूप कष्ट घेतले, आणि आवाज खरंच टिकला. पण सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात, ते 128वर आणले, म्हणजे अकरातला एक भाग ठेवला, की तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा येतो. माझ्या कानांना तरी येतो. टॉम्स डायनरच्या शेजारी कोणी मिरजेचा एक तानपुरा नेऊन ठेवला असता तर बरं झालं असतं.

ही कसोटी घेऊन आपल्या रेकॉर्डस् ऐकल्या, तेव्हा आनंद कमी आणि चीडच जास्त झाली. जुन्या लाँग प्लेमध्ये बहुधा एकच मांडणी सापडते. गायक पुढे, तबला जवळजवळ त्याच्या मांडीवर, आणि तानपुरा शेजारच्या खोलीत. नंतरच्या काळात गायकाच्या आवाजाला कृत्रिम घुमारा लावायची साथ आली. किशोरीताईंचा भूप घ्या. गाणं असं, की त्याबद्दल मी काही लिहू नये. पण ध्वनिमुद्रण म्हणून त्याला मी दहात सहा देईन, आणि ते सहा देतानाही मला कोणावर तरी ओरडावंसं वाटतं. ज्या वर्षांत इकडे सामान्य नाइटक्लबातले ग्लास इतक्या प्रेमानं टिपले जात होते, त्याच वर्षांत आपल्याकडे भीमसेन, कुमार, किशोरीताई, मल्लिकार्जुन भर बहरात गात होते. तानपुरे जुळवायला कुमारजी किती वेळ घेत, हे त्यांच्या मैफली ऐकलेले लोक अजून सांगतात. त्या जुळवलेल्या तानपुऱ्यांतलं रेकॉर्डवर किती आलं?

अपवाद आहेत, आणि ज्यांना यंत्राला आणि मनाला दोन्हीला चालेल असं काही हवंय त्यांनी ते जरूर मिळवावेत. 'कॉल ऑफ द व्हॅली' बहुतेकांच्या घरी असेलच. 1967 साली एच.एम.व्ही.त जी. एन. जोशींनी ही कल्पना उभी केली. भावगीताच्या पहिल्या पिढीतले आपले जोशी, तेच ते. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काबरा तिघेही तेव्हा तरुण. लोकप्रिय आहे म्हणून नाक मुरडू नये. संतूरचा प्रत्येक आघात सुटा आहे, बासरीत फुंकरीची हवा आहे, आणि साठ वर्षांपूर्वीचं भारतीय ध्वनिमुद्रण असूनही पाहुण्यांसमोर लाज वाटत नाही. मात्र कासेटवरून नव्हे, चांगल्या तबकडीवरून किंवा सीडीवरून ऐका.

इंग्लंडच्या निंबस कंपनीनं हरिप्रसादांचा ललत काढला आहे. निंबसवाले मायक्रोफोनचा एकच झुबका समोर ठेवून खोलीसकट आवाज टिपत. बासरी तुमच्यापासून दहा-बारा फुटांवर बसते, कानात शिरत नाही. काहींना हे लांबचं वाटतं. मला वाटतं, पहाटेचा राग लांबूनच यावा. याउलट झाकीरभाईंचं 'मेकिंग म्युझिक', ईसीएम कंपनीसाठी 1986च्या डिसेंबरात ऑस्लोमध्ये झालेलं. हरिप्रसाद, जॉन मॅकलॉफलिन, यान गार्बारेक आणि झाकीर हुसेन. ध्वनिमुद्रण काचेसारखं. पण काचेसारखं म्हणजे गारही. बासरीमागे नॉर्वेचा बर्फ दिसतो आणि मला मात्र तिथं चंद्रभागेचं वाळवंट हवं असतं. झाकीरभाई 2024च्या डिसेंबरात गेले, त्या आठवड्यात मी हीच रेकॉर्ड लावली आणि शेवटपर्यंत बसवलं नाही. तो काही ध्वनिमुद्रणाचा दोष नव्हे.

अली अकबर खाँसाहेब आणि आशाताईंची 'लेगसी' 1996ची. हिचं नाव आपल्या लोकांत फारसं निघत नाही, याचं मला नवल वाटतं. आशाताईंचा आवाज इतका जवळून आणि इतका बिनपावडरीचा क्वचितच ऐकायला मिळतो. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सहसा चाळीस व्हायोलिनांच्या मागून येत असे. गाठाच.

आता मला जे लिहायचं होतं आणि इतका वेळ टाळत होतो, ते लिहितो. बाबांनी तो प्रश्न त्या संध्याकाळी दोनदा विचारला होता.

पहिल्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, ठीक आहे, आता तुमचंच लावतो. बाबांकडे घरगुती मैफलींच्या तेरा कासेटी होत्या, 1980नंतरच्या. मिरज-सांगलीकडचे गायक, रेडिओवर अधूनमधून गाणारे, बरेचसे आता नाहीत. त्यात आमची आत्या होती. आत्याचा आवाज मोठा नव्हता, पण पुरिया धनाश्री ती अशी गायची, की स्वयंपाकघरातली भांडी थांबायची. 2004 साली मी पीएच.डी. करत असताना त्यातल्या अकरा कासेटी इकडे आणल्या, संगणकावर चढवल्या आणि माझ्या संशोधनाचाच भाग असलेला, खरखर काढणारा प्रोग्रॅम त्यांच्यावर चालवला. फार अभिमान होता मला त्याचा. पुढच्या वर्षी बाबांना सीडी पाठवल्या. बाबा फोनवर म्हणाले, "अगदी स्वच्छ झालंय." मी ते प्रशस्तिपत्र समजलो.

त्या संध्याकाळी मी आत्याचा पुरिया धनाश्री लावला. आवाज मधोमध, स्वच्छ, शांत. आईनं डोळ्यांना पदर लावला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "अरे, पण तानपुरा कुठे आहे? मीच होतो ना."

खरखर काढायची पद्धत अशी असते. रेकॉर्डिंगमध्ये जिथं गाणं नाही अशी जागा शोधायची, तिथं जो स्थिर आवाज आहे त्याची मोजदाद करायची, आणि तेवढा आवाज सगळ्या गाण्यातून वजा करायचा. मी रिकामी जागा म्हणून गाणं सुरू होण्याआधीचे वीस सेकंद निवडले होते. मैफलीत गाणं सुरू होण्याआधी वीस सेकंद काय चालू असतं, हे मिरजेत वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. प्रोग्रॅमनं त्याला सांगितलेलं काम चोख केलं. सतत चालू असलेला, न बदलणारा आवाज म्हणजे कचरा, असं मीच त्याला शिकवलं होतं. अकरा मैफलींतून त्यानं तानपुरा उचलून टाकला. आणि तो वाजवत होते बाबा.

मूळ फाइली? तेव्हा डिस्क लहान होत्या, साफ केलेली प्रत झाली की मूळ पुसून टाकली. मूळ कासेटी? 2008 साली अपार्टमेंट बदलताना एक खोकं कमी झालं. ते मीच कचऱ्याकडे नेलं की हलवणाऱ्यांकडून राहिलं, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

हा अपराध माझ्या एकट्याचा नाही, एवढंच एक वाईट समाधान आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेवटच्या काळातल्या, 1930नंतरच्या ध्वनिमुद्रिका माझ्याकडे दोन वेगवेगळ्या प्रकाशनांच्या आहेत. एका सीडीवर चकचकीत साफसफाई केलेली, दुसऱ्या सीडीवर खरखर तशीच ठेवलेली. झिंजोटीतली ठुमरी दोन्हीकडे आहे. साफ केलेल्या प्रतीत खाँसाहेब एका पांढऱ्या, रिकाम्या खोलीत गातात. खरखरीच्या प्रतीत पाऊस पडत असतो, आणि जरा कान स्थिरावला की पावसामागे तानपुरा आहे. तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका, एकच चॅनेल, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीची! माझ्या लाडक्या स्पीकरांवर ती ऐकवण्यासारखी नाही, असं मी बारा वर्षं समजत होतो. बाबांना मी ही खरखरीची प्रत दुसऱ्या दिवशी ऐकवली. ते म्हणाले, "हां. आता बसलं." आणि खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले, म्हणजे माझ्या हिशेबानं अगदी चुकीच्या जागी.

ज्यांच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिकांचे नवे संच आहेत, त्यांनी ते एकदा या कानानं तपासून पाहावेत. वेष्टनावर 'डिजिटली रीस्टोर्ड' असं मोठ्या अक्षरांत असेल, तर जास्तच.

उरलेल्या दोन कासेटी मिरजेतच होत्या, कारण 2004 साली त्या माझ्या बॅगेत मावल्या नव्हत्या. 2019च्या भारतवारीत मी त्या घेऊन आलो, हातातल्या पिशवीत, मांडीवर ठेवून. एकीवर बुरशी होती, तिची फीत दोन ठिकाणी तुटली. दुसरी धड निघाली. तिच्यावर आत्या नाही, सांगलीचे एक वयस्कर गायक आहेत, मारवा गातात, घसा बसलेला आहे. मी ती 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर जशीच्या तशी उतरवून घेतली. काही काढलं नाही. सुरुवातीला दीड मिनिट तानपुरा लागतोय. मणी सरकवल्याचा आवाज येतो, पहिली तार दोनदा उतरते नि चढते, कोणीतरी "अजून थोडा" म्हणतं, बाबा खोकतात, आणि मग जोडीच्या तारा एक होतात.

हल्ली पाहुण्यांना मी आधी ते दीड मिनिट लावतो. काही जण विचारतात, सुरू कधी होणार? मग त्यांना ईगल्स लावून देतो, ठोक्यापर्यंत.

जाता जाता एक विनंती. माझा कासेट डेक आता फीत गिळायला लागला आहे. मंडळात कोणाकडे चालू अवस्थेतला, तीन हेडचा डेक पडून असेल तर कृपया कळवावं. आणि कोणाकडे घरगुती मैफलींच्या कासेटी असतील, त्या मी आनंदानं उतरवून देईन. खरखरीसकट.